‘टर्मिनल’ म्हणजे शेवटचा, पण कशाचा?

वाचकहो, माझ्या दवाखान्याच्या टेबलावर स्टेथोस्कोप आणि रक्तदाबाचे यंत्र यांच्याजवळच गेली दोन वर्षे एक जाड इंग्रजी शब्दकोश पडून असतो. नवे पेशंट त्याकडे पाहून चकित होतात. जुन्यांना तो तेथे का आला हे ठाऊक आहे. ज्यांच्यामुळे तो आला, त्या सरांची हकीकत त्यांच्याच परवानगीने आणि काही तपशील बदलून आज मी आपल्याला सांगणार आहे. तीत माझ्याही चुकीचा वाटा आहे, आणि तो झाकण्याचा माझा विचार नाही.

सर म्हणजे पुण्यातल्या पेठेतल्या एका शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. वय अठ्ठ्याहत्तर. शरीराने काटक, स्वभावाने टापटिपीचे, आणि शब्दांचे विलक्षण वेडे. वर्तमानपत्रात एखादा अनोळखी इंग्रजी शब्द दिसला, की तो वहीत उतरवायचा, शब्दकोशातला अर्थ समोर लिहायचा आणि शक्य झाल्यास त्याचे मूळ शोधून काढायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा परिपाठ. दवाखान्यात आले, की आधी मलाच एखाद्या शब्दाची परीक्षा द्यावी लागे. ‘डॉक्टर, फॉर्मिकेशन म्हणजे काय, सांगा पाहू,’ असे त्यांनी एकदा भर गर्दीत विचारले होते. लॅटिनमध्ये ‘फॉर्मिका’ म्हणजे मुंगी. अंगावर मुंग्या चालल्याचा भास होणे, याला वैद्यकात हा भारदस्त शब्द आहे. ‘म्हणजे आमच्या हिला रोज पायाला मुंग्या येतात, तेच ना?’ असे म्हणून ते मनापासून हसले होते. रोमन वैद्याला आणि सदाशिव पेठेतल्या काकूंना एकच उपमा सुचावी, याचे त्यांना फार अप्रूप वाटले होते.

त्यांच्या वहीत अशा जोड्यांचे एक पानच होते. ‘कॅन्सर’ म्हणजे मुळात खेकडा, आपल्याकडेही ‘कर्करोग’. ‘व्हर्टिगो’ हा शब्द फिरणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला, आणि आपल्याला येते ती ‘चक्कर’ही चाकासारखी फिरणारीच. ‘डायबेटिस’ या ग्रीक शब्दात नळीतून पाणी वाहून जावे तशी कल्पना आहे. त्याला पुढे जोडलेल्या ‘मेलिटस’ या शब्दात मध आहे, आणि आपल्या आयुर्वेदाने तो मध ‘मधुमेह’ या नावात फार पूर्वीच पाहिला होता. काही ठिकाणी मात्र आपली भाषा अधिक सुंदर आहे, असे सरांचे ठाम मत होते आणि मला ते पटते. ‘कॅटरॅक्ट’ या शब्दाच्या मुळाशी धबधबा किंवा किल्ल्याच्या वेशीत वरून खाली सोडायचे जाळीचे दार आहे. आपण त्याच आजाराला ‘मोतीबिंदू’ म्हणतो. जवळचे दिसेनासे होणे याला वैद्यक ‘प्रेसबायोपिया’, म्हणजे म्हाताऱ्याची दृष्टी म्हणते. आपण नुसते ‘चाळिशी लागली’ म्हणतो. त्यात माणसाला म्हातारे ठरवण्याची घाई नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे जे घडले ते इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत घडलेले नाही. उत्तम इंग्रजी येणाऱ्याच्या बाबतीत घडलेले आहे.

दोन वर्षांपूर्वी सरांचे हिमोग्लोबिन तेरावरून साडेनऊपर्यंत उतरले. शौचातून अधूनमधून रक्त जाते, हे त्यांनी संकोचाने उशिरा सांगितले. या वयात अशी तक्रार ‘मूळव्याधच असेल’ म्हणून सोडून देता येत नाही. म्हणून मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करून घेण्यास मी सांगितले. तपासणी झाली. अहवाल संध्याकाळी त्यांच्या आणि त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर एकाच वेळी येऊन पोहोचला. मुलाने मला तो पाठवला आणि फोन केला. अहवाल चांगला होता. आतल्या बाजूची मूळव्याध, बाकी काही नाही. परंतु सर गुडघेदुखीसाठी स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेत असत, त्यांवरून त्यांना जरा बोलावे असे माझ्या मनात होते. म्हणून मी मुलाला म्हटले, ‘सरांना तुम्ही आत्ता काही सांगू नका. मी स्वतः त्यांच्याशी नीट बोलेन.’

मुलाचा फोन स्पीकरवर होता, आणि सर दाराआड उभे होते.

दुसऱ्या दिवशीपासून घरच्या एका कार्यासाठी मी आठ दिवस गावाला गेले. परतल्यावर दवाखान्याची गर्दी उसळली, आणि सर आले नाहीत याची मला आठवणही राहिली नाही. मुलाला वाटले, डॉक्टर बोलल्या असतील. काकूंना वाटले, मुलाला सगळे ठाऊक असेल.

अठराव्या दिवशी सकाळी चहा घेताना सरांच्या हातातून कप निसटला. बोलताना जीभ जड झाली, ओठ एका बाजूला ओढला गेला. अर्ध्या तासात सगळे पूर्ववत झाले. तरी काकूंनी ऐकले नाही, त्यांना रिक्षात घालून माझ्याकडे आणले. रक्तदाब १९६/१०८ होता. वर्षानुवर्षे गोळ्यांवर १३० ते १४० च्या दरम्यान राहणारा रक्तदाब! मी त्यांना लगेच रुग्णालयात पाठवले. सुदैवाने तो मेंदूच्या रक्तपुरवठ्यातला तात्पुरता अडथळा होता, कायमची इजा झाली नाही. येथे एक गोष्ट थांबून सांगते. चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही झाले आणि ते आपोआप बरे झाले, तरीही त्याच दिवशी, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. ‘आता बरे वाटतेय’ हे थांबण्याचे कारण नव्हे. गुठळी विरघळवण्याचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले.

चार दिवसांनी मी सरांना भेटायला रुग्णालयात गेले. गोळ्या चुकल्या कशा, असे विचारले. ते म्हणाले, ‘चुकल्या नाहीत, मी थांबवल्या. शेवटच्या स्टेशनावर आल्यावर सामान कशाला वाढवायचे?’

मला काहीच उमजेना. तेव्हा त्यांनी उशीखालून घडी घातलेला अहवाल काढला. त्यातल्या दोन शब्दांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारलेली होती. ‘टर्मिनल इलियम’. समासात त्यांच्या सुवाच्य अक्षरात शब्दकोशातला अर्थ लिहिलेला: असाध्य, मृत्यूकडे नेणारा, अखेरच्या अवस्थेतील. ‘इलियम’ हा शब्द त्यांना ‘इलनेस’च्या कुळातला वाटला होता. आणि त्यापुढे ‘नॉर्मल’ असे लिहिले होते, त्याचे काय? ‘या वयाला ते नॉर्मलच म्हणायचे, असा मी अर्थ लावला,’ सर म्हणाले. ‘शिवाय मला काही सांगू नका, असे तुम्हीच म्हणालात.’

त्या अठरा दिवसांत त्यांनी बँकेची पासबुके एका पिशवीत लावून ठेवली होती. साताऱ्याकडच्या चुलतभावाला फोन करून शेताच्या वादातला आपला हक्क सोडला होता. पुस्तकांची दोन पोती वाचनालयाला देऊन टाकली होती. काकू सांगत होत्या, ‘मला वाटलं, ह्यांना आता विरक्ती आली. किती शांत झाले होते!’ त्या घरात एक माणूस मरणाची तयारी करत होता आणि बाकीच्यांना ते शहाणपण वाटत होते.

वाचकहो, आता त्या दोन शब्दांचा खरा अर्थ ऐका. आपल्या लहान आतड्याचे तीन भाग असतात. पहिल्याचे लॅटिन नाव ‘ड्युओडेनम’, म्हणजे बारा. कारण त्याची लांबी बारा बोटे रुंदीएवढी मानली गेली. दुसरा ‘जेजुनम’, म्हणजे उपाशी. कारण प्रेताच्या तपासणीत तो रिकामा आढळे. मराठी परिभाषेतही त्याला ‘रिक्तांत्र’ म्हणतात. तिसरा भाग ‘इलियम’, मराठीत ‘शेषांत्र’. या शेषांत्राचे शेवटचे टोक जेथे मोठ्या आतड्याला मिळते, ते ‘टर्मिनल इलियम’. उजव्या कुशीत, अपेंडिक्सच्या शेजारी. ‘टर्मिनल’ ते आतडे आहे, माणूस नव्हे. डेक्कन क्वीन मुंबईला ज्या स्थानकात थांबते त्यालाही टर्मिनसच म्हणतात. तेथे रूळ संपतात, प्रवासी नाहीत. आणि कोलोनोस्कोपीच्या अहवालात हा शब्द आला, तर तो आनंद वाटावा असा आहे. दुर्बीण संपूर्ण मोठे आतडे ओलांडून थेट लहान आतड्याच्या तोंडापर्यंत जाऊन आली, मधला कोपरा पाहायचा राहिला नाही, असा त्याचा अर्थ.

हे मी रुग्णालयातल्या खाटेवर कागदावर आकृती काढून सांगितले. सर बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘डॉक्टर, हे पाच मिनिटांचे काम होते.’

खरोखरच पाच मिनिटांचे होते. मी दिली नव्हती.

त्यानंतर मी माझ्या पेशंटना अहवालातले कोणते शब्द छळतात, ते लक्षपूर्वक ऐकू लागले. आणि थक्क झाले. ‘अनरिमार्केबल’ हाच शब्द घ्या. आपल्याबद्दल कोणी असे म्हटले तर राग येईल. अहवालात मात्र त्यासारखा गोड शब्द नाही. नोंद घ्यावी असे काहीही सापडले नाही, असा तो निर्वाळा आहे. ‘निगेटिव्ह’चे तसेच. एक आजी बायोप्सीचा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून रडत आल्या होत्या. दुसऱ्या एक आजी माझ्या चिठ्ठीतले ‘कम्प्लेन्स ऑफ’ हे शब्द नातीकडून वाचून घेऊन चांगल्याच रागावल्या: ‘मी कधी कुणाची तक्रार केली हो?’ त्यांची समजूत काढायला मला चहा मागवावा लागला.

सर्वांत जास्त अनर्थ ‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द करतो. आपल्या बोलण्यात ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. त्यामुळे समोर जिवंत बसलेल्या पेशंटच्या कागदावर हे शब्द पाहून घरच्यांचे हातपाय गळतात. वैद्यकात त्याचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. शरीराला हवे तितके रक्त पुढे ढकलण्यात ते कमी पडते आहे, एवढाच आहे. आजार गंभीर आहे, हे मी लपवणार नाही; पण औषधे, मिठावर नियंत्रण आणि वजनावर रोज लक्ष यांच्या जोरावर पुष्कळ माणसे अनेक वर्षे चांगली जगतात. मी स्वतः मराठीत बोलताना हा शब्द टाळते. ‘हृदयाची पंपाची ताकद कमी झाली आहे,’ असे म्हणते. याच ताकदीचा आकडा टू-डी-एको अहवालात टक्क्यांत दिलेला असतो, आणि तेथे आपल्या पुणेकरांची परीक्षेची जुनी सवय उफाळून येते. ‘फक्त साठ टक्के? म्हणजे चाळीस टक्के हृदय गेले?’ असे एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मला खिन्नपणे विचारले होते. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात आपल्यातले सगळे रक्त बाहेर फेकत नाही. सुमारे पन्नास ते सत्तर टक्केच फेकते. येथे शंभरपैकी शंभर कोणालाच मिळत नाहीत. साठवाल्यांनी खुशाल पेढे वाटावेत.

ईसीजीवरचा ‘ब्लॉक’ही असाच. ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ हे हृदयातल्या विजेच्या वाटेतले अडखळणे आहे. रक्तवाहिनीतला अडथळा, ज्याला आपण ‘ब्लॉकेज’ म्हणतो, तो निराळा. एकाच्या नावावरून दुसऱ्याची धास्ती घेऊ नये. त्याची दखल कितपत घ्यायची, ते डॉक्टरांना विचारावे. मोतीबिंदूच्या कागदावर ‘सिनाईल’ हा शब्द दिसला, तर त्यात वेडाचा किंवा बुद्धिभ्रंशाचा संबंध नाही. वयामुळे आलेला, एवढाच त्याचा अर्थ. मात्र हा शब्द लिहिणाऱ्यांनी तो आता सोडून द्यावा, असे मला वाटते.

कधीकधी शब्द कोणत्याच ओळखीच्या भाषेतला नसतो, आणि मग लोक त्याला आपल्या ओळखीचे रूप देतात. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या कित्येक घरांतून कोंबडी हद्दपार झाली होती. नावात ‘चिकन’ ऐकू येते ना! एका मांसाहारी गृहस्थांनी सहा महिने कोंबडीला हात लावला नाही, आणि घराच्या गच्चीवरचे पाण्याचे उघडे पिंप मात्र तसेच ठेवले. प्रत्यक्षात हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला. तेथे १९५२-५३ च्या सुमारास या तापाची साथ आली होती. सांध्यांच्या दुखण्याने जो माणसाला वाकवतो, तो चिकुनगुन्या. पसरवतो तो डास, जो स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९७३ मध्येच त्याची साथ येऊन गेली होती. ज्या शहरात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, त्याच शहरात कोंबडीने शिक्षा भोगली आणि डास मोकळा राहिला, याचे मला अजून हसू येते आणि थोडे वाईटही वाटते.

अहवालातल्या शब्दांनी माणूस घाबरतो. चिठ्ठीवरच्या अक्षरांनी मात्र प्रत्यक्ष अपाय होऊ शकतो. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना. ही सारी लॅटिन शब्दांची किंवा त्यांच्या वळणाची लघुरूपे. ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तर. पण आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना एसओएस आठवते ते बुडत्या जहाजाच्या हाकेसारखे. माझ्या एका पेशंट आजींनी गुडघ्याचे ठणके आठवडाभर सोसले आणि पॅरासिटामॉल घेतली नाही. कारण ‘तसं मोठं संकट काही आलं नव्हतं’. याहून भयंकर चूक संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटची. आमवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. इतर गोळ्यांबरोबर ती चुकून रोज घेतली गेली, तर रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात. जिवावर बेतू शकते. आपल्या घरात कोणी ही गोळी घेत असेल, तर हा अंक बाजूला ठेवून आत्ताच तिच्या पाकिटावर मराठीत वार लिहा. ‘फक्त रविवार’, असे ठळक.

मग सगळे मराठीत लिहिले की प्रश्न सुटेल का? मला तसे वाटत नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली. अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश त्यांनी मेहनतीने सिद्ध केले आहेत, आणि त्यांबद्दल मला आदर आहे. परंतु सरांच्या अहवालात ‘टर्मिनल इलियम’च्या जागी ‘अंत्य शेषांत्र’ असे छापलेले असते, तर? ‘अंत्य’ही आणि ‘शेष’ही! सर कदाचित अठरा दिवस थांबलेही नसते. अहवाल हा एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेला निरोप असतो. तो पेशंटच्या हातात पडतो, पण त्याला उद्देशून लिहिलेला नसतो. त्याचा अर्थ सांगायला मध्ये कोणीतरी बसलेच पाहिजे, आणि ते काम माझ्यासारख्या घरच्या डॉक्टरचे आहे.

त्यासाठी आपणही आम्हांला थोडे भाग पाडा. अहवाल रात्री एकट्याने मोबाईलवर वाचत बसू नका. त्यातला शब्द मोबाईलला विचारलात, तर तो सर्वांत भीतिदायक अर्थ आधी दाखवण्याची शक्यता जास्त. खटकलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि तो कागद घेऊन या. ‘या शब्दाचा अर्थ काय’ एवढेच न विचारता ‘माझ्या बाबतीत तो कशाला उद्देशून आहे’, असे विचारा. डॉक्टरांनी सांगितल्यावर ते आपल्या शब्दांत त्यांना परत सांगून पाहा. सरांच्या वेळी मी हे करून घेतले असते, तर सगळे तेथेच उघड झाले असते. आणि सुश्रूषा करणाऱ्या मुलांना, सुनांना, लेकींना माझी कळकळीची विनंती आहे. ‘डॉक्टर, जरा बाहेर या, बोलायचंय’ असे पेशंटच्या देखत कधी म्हणू नका. मी ते आता स्वतः बंद केले आहे. जे सांगायचे ते ज्याचे शरीर आहे त्याच्यासमोर सांगते; आवाज हळू लागतो, शब्द निवडावे लागतात, वेळ जातो. दाराआडून ऐकलेल्या अर्ध्या वाक्याने आमच्या सरांचे काय केले, ते मी पाहिले आहे. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करण्याचे परिणाम तर आपण वाचलेच.

रुग्णालयातून घरी आल्यावर सरांनी आपला जुना शब्दकोश मला आणून दिला. ‘याने मला फसवले, आता तुम्ही सांभाळा,’ असे म्हणून. वाचनालयाला दिलेल्या पुस्तकांपैकी काही त्यांनी परत मागून घेतली. शेताचा हक्क मात्र गेला तो गेला. चुलतभावाने कागद लगेच करून घेतले होते.

दर महिन्याला ते रक्तदाब तपासायला येतात, आणि वहीतला एक शब्द बरोबर असतो. परवा त्यांनी ‘इडिओपॅथिक’ आणला; शेजाऱ्यांच्या अहवालात पाहिलेला. मी म्हटले, ‘सर, याचा अर्थ, आजाराचे कारण आम्हांला सापडलेले नाही.’

‘एवढंच?’ ते म्हणाले. ‘मग त्यासाठी इतका मोठा शब्द कशाला?’

मी उत्तर दिले नाही. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. १३४/८०.